राजा हरिश्चंद्र
धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी निर्मिलेला मूक, कृष्णधवल पौराणिक चित्रपट (१९१३). नाशिकनजीकच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी पुराणकथेवरून रचलेला, सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट मुंबईत दादर येथे तयार होऊन ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला.

विश्वामित्राच्या कोपामुळे राज्यास मुकलेला, वचनास प्राणापेक्षा मोल देणारा राजा (दत्तात्रय दामोदर दाबके), आणि त्या वचनाचा खरा भार वाहणारी, पुत्रवियोग सोसून खुनाच्या खोट्या आरोपाखाली पतीच्याच खड्गापुढे उभी राहणारी तारामती, असा कथाभाग आहे. मात्र ज्या भूमिकेवर स्त्रीत्यागाचा सारा आशय उभा, तीच, कुलीन स्त्रिया राहोत, गणिकाही कॅमेऱ्यापुढे येण्यास राजी नसल्याने, उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यांनी वठविली. दृश्यांचा अर्थ मथळ्याच्या पाट्यांवरून उलगडे.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकास हलविले. तेथील ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. नाशिकातच १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. (पाहा : फाळके, दादासाहेब, मूकपट, लंकादहन.)