यति, शाळा आणि धांवपट्टी

गिर्यारोहण हा सुखवस्तु माणसांचा छंद आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे आणि तो सर्वस्वीं चुकीचा आहे असें म्हणवत नाहीं. चढणारा आपल्या हौसेनें चढतो. ओझें वाहतो तेथला गरीब रहिवासी. 29 मे 1953 रोजीं एडमंड हिलरी व तेन्झिंग नोर्गे यांनीं एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवलें, तें शेंकडों हमालांनीं वाहिलेल्या सामानाच्या बळावर. या ऋणाची जाणीव हिलरींना पुढें झाली, आणि तिच्यांतून जें उभें राहिलें त्याचा इतिहास मला शिखराच्या इतिहासाहून अधिक मननीय वाटतो.

1960-61 सालीं त्यांची तुकडी पुन्हां खुंबूच्या खोऱ्यांत गेली, ती विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम तपासण्यासाठीं आणि यतीच्या शोधासाठीं! खुंजुंगच्या गोंपांत यतीची म्हणून एक टाळू जपून ठेवलेली होती. ती परदेशीं नेऊन तज्ज्ञांना दाखवावयाची होती. गांवकरी सहजासहजीं देईनात. अखेर सहा आठवड्यांच्या बोलीनें ती मिळाली, तीहि गांवच्या खुंजो चुंबी यांना राखणदार म्हणून बरोबर घेऊन. टाळू निघाली सेराव नांवाच्या, बकऱ्याच्या जातीच्या जनावराच्या कातड्याची. यति सांपडला नाहीं. पण तुमच्यासाठीं काय करूं, या प्रश्नाला शेर्पांनीं दिलेलें उत्तर सांपडलें. त्यांनीं शाळा मागितली. 1961 मध्यें बारा हजार फुटांहून अधिक उंचीवर, खुंजुंगला, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची ती शाळा उभी राहिली. शिक्षक दार्जिलिंगहून आणला.

मोहिमांचें स्वरूपच मग पालटलें. 1963 मध्यें एकाच तुकडीनें कांगतेगा शिखर सर केलें आणि पांगबोचे व थामे येथें शाळाहि बांधल्या. मध्येंच देवीची सांथ उद्भवली, तेव्हां हींच माणसें लस टोचीत हिंडलीं. आज पैसे घेऊन जे सेवाप्रवास विकले जातात, त्यांचा हा एक पूर्वज म्हणतां येईल. मात्र येथें मागणी आधीं गांवानें केली होती. अशा पुष्कळ सहलींत काम आधीं ठरतें आणि गरज मागाहून शोधली जाते.

खुंदे येथें इस्पितळ बांधावयाचें ठरलें, तर सामान आणावयाचें कसें? काठमांडूहून पायीं सुमारें पंधरवडा लागे. नदीकांठची सपाट जमीन शेतकरी देईनात (त्यांत त्यांची काय चूक?), म्हणून 1964 मध्यें लुक्ल्याच्या उतारावर धांवपट्टी आंखली गेली. माती घट्ट बसावी म्हणून शेर्पांनीं हातांत हात गुंफून तिच्यावर नाच केला. 1966 मध्यें इस्पितळ उघडलें, आणि आयोडिनच्या अभावानें त्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या गलगंडावर त्याच वर्षीं टोचणीचा उपचार सुरू झाला.

पण इस्पितळाच्या सामानासाठीं केलेल्या त्या पट्टीवर पुढें प्रवाशांचे थवे उतरूं लागले. त्यांच्या चुलींसाठीं जंगल तुटूं लागलें. हिलरींनीं त्याची खंत उघडपणें बोलून दाखविली. 1976 मध्यें सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाल्यावर झाडें लावण्याच्या कामांतहि ते पडले.

त्याआधीं, 1975 सालीं, ते फाफ्लू येथें दुसरें इस्पितळ बांधीत होते. 31 मार्च रोजीं त्यांच्या पत्नी लुईस व सोळा वर्षांची कन्या बेलिंडा त्यांना भेटावयास विमानानें निघाल्या. काठमांडूहून उडतांच विमान कोसळलें. दोघीहि वांचल्या नाहींत. फाफ्लूचें इस्पितळ पुढें पुरें झालें.