सुजेची साक्ष

वैद्यकाच्या इतिहासात सूज बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यातच उभी दिसते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवली. दाह शमवणे हेच पुढे वैद्याचे काम ठरले. शरीर शत्रू ओळखायला शिकते त्यात दाहाचाही वाटा असतो, याचा माग काढताना मी पोहोचलो तो घोड्यांच्या तबेल्यात.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले पशुवैद्य गास्ताँ रामाँ घटसर्पाचे निर्धोक केलेले विष घोड्यांना टोचून प्रतिविष तयार करत. टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडे. मग रामाँनी मुद्दाम दाह घडवण्यासाठी लसीत टॅपिओकाचे पीठ मिसळले. आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे. १९२६ मध्ये लंडनला अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरली. ॲल्युमिनियमचे क्षार धनुर्वाताच्या लसीत आजही असतात. उपाय लागू पडत होता. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतल्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पेशींचे वर्णन केले. या डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, टी-पेशींपुढे मांडतात, हे पुढे स्पष्ट झाले. तुरटीसारख्या पदार्थांवाचून आपले प्रयोग चालत नाहीत, हे प्रतिकारशास्त्राचे लाजिरवाणे गुपित १९८९ मध्ये येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी उघड बोलून दाखवले. जंतूची चाहूल लागल्याखेरीज पेशी पुरती साक्ष देत नाही, असा त्यांचा तर्क होता. चाहूल घेणारी ती यंत्रणा ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांच्या १९९६ ते १९९८ मधल्या संशोधनातून समोर आली.

एरवी डेंड्रिटिक पेशी भोवतालचे कण गिळत बसलेली असते. दाहाचे रासायनिक निरोप आले की ती गिळणे कमी करते, प्रतिजन पृष्ठभागावर मांडते, जोडीला धोक्याची खूण असलेले रेणू उभे करते आणि लसिकाग्रंथीकडे निघते. २००१ मध्ये रॉकफेलरमध्येच उंदरांत दाहाशिवाय थेट या पेशींना प्रतिजन पुरवला गेला. टी-पेशी थोड्या वाढल्या आणि बहुतेक नाहीशा झाल्या. शरीराने तो प्रतिजन जणू सोसून घेतला.

ही सोशिकता वाईट नव्हे. तिच्यामुळेच शरीर स्वतःवर उठत नाही. पण कर्करोगाची गाठ तिचाच फायदा घेते. स्टाइनमन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींपासून केलेली लस प्रयोग म्हणून टोचून घेतली. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. तीन दिवसांनी हॉफमन आणि ब्यूटलर यांच्यासह त्यांना नोबेल जाहीर झाले. त्या लसीने त्यांचे आयुष्य किती वाढले, हे एका माणसावरून ठरत नाही. मला मोलाचे वाटते ते एवढेच, की रामाँच्या घोड्यांनी विचारलेला प्रश्न त्यांनी अखेर स्वतःच्या देहाला विचारला.