जांभा आणि जांबूनद

सुपा हे मूळ गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले होते. गणेशगुडीचे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले, गाव जलाशयात गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास हलली. जुन्या दप्तरांत व जुन्या माणसांच्या तोंडी मात्र हा सारा मुलूख अद्याप सुपा तालुकाच आहे. १८६२ पासून १९५६ पर्यंत उत्तर कानडा जिल्ह्याचा कारभार मुंबईहून चालला, त्याच्याही पूर्वीपासून येथे मराठी, कोंकणी आणि कन्नड या तीन भाषा एकाच अंगणात नांदत आल्या, आणि एका दगडाला तीन नावे असणे हे येथे कोणालाच नवलाचे वाटत नाही. मला ते वाटले, आणि त्या नवलातूनच पुढील सर्व विवेचन निघाले आहे.

जोयड्याहून अनमोडच्या दिशेने जाताना रस्त्यालगत एका घराची विहीर खणली जात होती. माझा नाद तांब्या-सोन्याच्या शोधाचा इतिहास वाचण्याचा. त्यामुळे जमीन उघडी पडलेली दिसली की माझे पाय तेथे थांबतात. वरचे पुरुषभर कवच तांबडे, कणखर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र. त्याखाली तोच पदार्थ, पण ओला, मऊ, जांभळ्या आणि पिवळ्या शिरांनी चितारलेला. आणि तळाशी शेडी, म्हणजे हाताला साबणासारखी लागणारी पांढरी माती. काठावर बसलेल्या वृद्ध कुणबी गृहस्थांनी मधल्या थरातील एक ढेकूळ उचलून कोयत्याने सहज दुभागले, आणि त्या ताज्या कापावर पिकल्या जांभळाच्या गराचा रंग असा काही उमटला की मी विचारले, “मामा, याला काय म्हणता?” ते म्हणाले, “जमिनीत असेतो फातर, उतरवला की चिरा. जांभा म्हणता ते तुम्ही घाटावरचे लोक. हल्याळचे गवंडी येतात, ते जंबिट्टिगे म्हणतात.”

जंबिट्टिगे! शब्द फोडला तर जंबू अधिक इट्टिगे: जांभळी वीट. कन्नड इट्टिगे आणि मराठी वीट ही दोन्ही संस्कृत इष्टकेची अपत्ये. आता ही गोष्ट पाहा. टिपू पडल्यानंतर म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रांतांची पाहणी करण्यास पाठविलेल्या फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात मलबारातील अंगाडिपुरम येथील या दगडास लॅटराइट हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत मऊ, कुऱ्हाडीने कापता येणारा आणि हवा लागताच विटेसारखा कठीण होणारा हा पदार्थ देशी बोलींत ‘वीट-दगड’ म्हणून ओळखला जातो, हे त्यानेच नमूद केले आहे. म्हणजे जगभर मान्य झालेली शास्त्रीय संज्ञा ही दक्षिणेतील गवंड्यांच्या शब्दाचे लॅटिन भाषांतर होय. त्या भाषांतरात वीट आली, जांभूळ गळाले. माझा सारा दावा त्या गळालेल्या जांभळासाठी आहे.

जांभा या शब्दाची व्युत्पत्ती निर्विवाद मानता येत नाही. एक पक्ष असा मांडता येईल की जांभई ज्या जृम्भ धातूपासून आली त्याच्याशीच जांभ्याचे नाते असावे, कारण हा दगड असंख्य तोंडे वासून बसलेला असतो. कल्पना चतुर आहे. परंतु सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही बुडबुड्यांची छिद्रे विपुल असतात आणि त्यास कोणी जांभा म्हणत नाही. शिवाय जृम्भाची ही उपपत्ती जंबिट्टिगेपाशी येऊन अडते, कारण ‘जांभई देणारी वीट’ असा समास कोणत्याही गवंड्याच्या तोंडी बसणार नाही. दुसरा पक्ष असा की दगडाचे नाव नुसते तांबडेपणावरून पडले असावे. तसे असते तर भाषेजवळ तांबडा हा शब्द तयारच होता, आणि तोही ताम्र म्हणजे तांब्यावरून आलेला; त्यास डावलून जांभळाकडे जाण्याचे कारणच उरले नसते. ज्याने जांभा वाळलेल्या भिंतीत पाहिला त्यास तो तांबडा दिसतो, ज्याने तो ओल्या खाणीत कापला त्यास जांभळा. नाव खाणीत पडले, भिंतीत नव्हे. मराठीने कन्नडापासून घेतले की कन्नडाने मराठीपासून, याचा निकाल ब आणि भ यांच्या भेदावरून लागत नाही, कारण जम्बूचा ब संस्कृतातच आहे आणि मराठीने जांभूळ या शब्दात त्याचा भ केलाच आहे. दोन्ही भाषांतील खाणकऱ्यांनी एकच फळ पाहिले, असे मी समजतो.

येथून मी त्या स्थानी येतो जेथे आल्यावर मला काही रात्री झोप लागली नाही. सोन्याच्या पर्यायनामांत अमरकोशाने जांबूनद हा शब्द दिला आहे, आणि कौटिल्यानेही सोन्याचे प्रकार सांगताना प्रथम जांबूनदाचेच नाव घेतले आहे. त्याची पौराणिक कथा सर्वश्रुत आहे: मेरूच्या दक्षिणेकडील महान जम्बूवृक्षाची हत्तीएवढी फळे पडून फुटतात, रसाची नदी वाहते आणि तिच्या काठच्या मातीचे सोने होते. विष्णुपुराणात ही माती रसाने भिजून वाऱ्याने सुकते, एवढेच आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात मात्र वाऱ्याच्या जोडीस सूर्य येतो आणि ‘विपाक’ हा शब्द येतो: रसाने भिनलेली माती वारा व ऊन यांच्या योगाने पक्व होऊन सोने बनते. ही नदीतून सोने वाहून आणण्याची कथा नव्हे. सोनझारी ज्या रेतीतून कण धुऊन काढतो त्या रेतीचे हे वर्णन नव्हे. येथे सोने मातीतल्या मातीत, भिजणे आणि सुकणे या क्रमाने घडते. जांभ्याच्या उत्पत्तीचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. पावसाळ्यात पाणी मुरते, सिलिका व चुना धुऊन नेते. उन्हाळ्यात पाणी वर ओढले जाते आणि लोह जागच्या जागी थिजते. आणि या लोहाबरोबर, मुळात खडकात सोने असेल तर, तेही विरघळून पुन्हा साकळते. अनेक विद्वान भागवताची रचना द्रविड देशात झाली असे मानतात, आणि द्रविड देश म्हणजे जांभ्याचा देश. उत्तरेच्या कथेत दक्षिणेच्या कवीने ऊन आणि विपाक घातला तो डोळ्यांपुढील मातीकडे पाहून, असे माझे मत आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की जम्बूनदी मेरूपाशी आहे, हिमालयात जांभा नाही, आणि हे सर्व शब्दसाम्याचे मृगजळ आहे. पहिल्या आक्षेपाचे उत्तर छोटा नागपुरात मिळते. तेथे पठारावर जांभा आहे, त्या पठारावरून उतरणाऱ्या नदीचे नावच सुवर्णरेखा आहे, तिच्या वाळूत आजही सोने धुतले जाते, आणि शेजारी सिंहभूमचा तांब्याचा पट्टा आहे. उत्तरेच्या कथाकारास सोने, तांबडी माती आणि जांभळीची राने एकत्र पाहण्यासाठी दक्षिणेत उतरण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या आक्षेपास उत्तर म्हणून मी केरळातील मलप्पुरम जिल्हा पुढे करतो. बुकाननने ज्या अंगाडिपुरमात जांभ्याचे बारसे केले, ते याच जिल्ह्यात. आणि जेथील जांभ्यात सोन्याचे कण खरोखर सापडतात ते निलंबूरही याच जिल्ह्यात.

आता तांब्या-सोन्याच्या शोधाकडे वळू. पृथ्वीच्या पोटातील शिलारस वरच्या खडकांत घुसून थिजू लागला की त्यातील तप्त क्षारयुक्त पाणी भेगांत शिरते आणि तांबे, लोह, गंधक व सोने तेथे ठेवून जाते. अशा साठ्यांना भूवैज्ञानिक पॉर्फिरी म्हणतात. हा शब्दही जांभळाच आहे! ग्रीक ‘पोर्फिरा’ म्हणजे समुद्री शंखापासून काढलेला जांभळा रंग. त्यावरून इजिप्तच्या पूर्व वाळवंटातील, रोमन सम्राटांना प्रिय असलेल्या जांभळ्या दगडाचे नाव पडले. त्या दगडात बारीक पोतात मोठे स्फटिक विखुरलेले असत, म्हणून तसा पोत असलेला कोणत्याही रंगाचा खडक पॉर्फिरी ठरला. आणि विसाव्या शतकारंभी अमेरिकेतील युटा प्रांतात बिंगहॅम येथे हलक्या कसाचे तांबे डोंगरच्या डोंगर पोखरून काढू लागल्यावर ते नाव धातूच्या साठ्यास चिकटले. आपल्याकडे बालाघाटचे मलाजखंड, तेथील सुमारे २४९ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटातील तांबे, या वर्गात धरावे की नाही यावर वाद आहे.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरवर बॉडिंग्टन येथे हे दोन जांभळे एकावर एक रचलेले आढळले. तेथे १९८० च्या सुमारास जांभ्याच्या कवचाचे नमुने तपासताना सोने लागले, १९८७ साली खाण सुरू झाली, म्हणजे ज्या वर्षी सुप्याचे धरण पुरे झाले त्याच वर्षी. वरचा जांभा २००१ पर्यंत खणून झाला. त्याच्या तळाशी प्राचीन ज्वालामुखी खडक आणि त्यांत घुसलेला डायोराइट, त्यात तांबे आणि सोने, ते २००९ पासून काढले जात आहे. वरच्या मातीने तळच्या खडकाची वर्दी दिली. आणि या वर्दीचा जुना कसही पाहा: माती अम्लराजात भिजवून त्या द्रवात स्टॅनस क्लोराइडचे थेंब टाकले असता, सोने असेल तर द्रव जांभळा होतो. हा ‘कॅशियसचा जांभळा’ सतराव्या शतकापासून युरोपास ठाऊक आहे, आणि सोन्याचा माग काढणारे त्यावर दीर्घकाळ विसंबले. अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सोन्याचा रंगच मुळी लाल ते जांभळा असतो. जांबूनदास जांभळाचे नाव देणाऱ्यास हे ठाऊक नव्हते. तरीही ते नाव त्यास शोभले.

सुप्याच्या जमिनीखाली काय आहे? धारवाडी खडक आहेत, लोह आणि मँगनीज आहे, आणि अनमोड घाटातील नाइस हा खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचा असल्याचे १९८७ सालीच प्रसिद्ध झाले. शेजारच्या गोव्यात बोंडल्याचे आणि चंद्रनाथाचे शिलारसाच्या रूपाने घुसलेले खडक आहेत. दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करणाऱ्या रॉबर्ट ब्रूस फूटने डंबळच्या डोंगरांतील सोन्याच्या खडकांवर १८७४ साली लिहिले, ते याच धारवाडी खडकांच्या पूर्वेकडील पट्ट्याविषयी. पण पश्चिमेस, जेथे पाऊस प्रचंड आणि रान दाट, तेथे खडक उघडा दिसतच नाही; जो शोध घ्यायचा तो जांभ्यातूनच घ्यावा लागतो. म्हणून येथे जांभ्याच्या थरांना असलेली नावे ही भाषाभ्यासकाची हौस नसून शोधकाची सामग्री आहे. हल्ली चिरे यंत्राने कापले जातात, आणि यंत्रावर काम करणारा वरचा, मधला व खालचा थर वेगवेगळ्या नावांनी ओळखत नाही.

यास्तव जोयडा, हल्याळ, दांडेली, सांगे, सत्तरी, दोडामार्ग या भागांत ज्या कोणाच्या घरी विहीर अथवा पाया खणला जात असेल त्यांस माझी विनंती आहे. प्रत्येक थराची खोली हातांत मोजावी, रंग माती ओली असतानाच लिहावा, खणणाऱ्यास विचारून त्या थराचे मराठी, कोंकणी व कन्नड नाव शेजारी मांडावे, आणि मूठभर माती कागदात बांधून त्यावर गावाचे नाव व तारीख घालून ठेवावी.