पावती वेगळी, अटक वेगळी

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "हेल्मेट नाही म्हणून गाडी अडवली, तर पोलीस माझी पिशवीही उपसणार का?" असाच प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती गोष्ट आज सांगते.

आयोवा राज्यात १९९६ साली नोल्स नावाच्या माणसाला वेगात गाडी चालवली म्हणून अडवलं. पोलिसाने दंडाची पावती दिली आणि वर गाडीची पूर्ण झडती घेतली. गांजा सापडला. तरीही १९९८ मध्ये नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की नुसत्या पावतीच्या जोरावर अशी झडती घेता येणार नाही.

पण याआधीच, १९९७ च्या मार्चमध्ये, टेक्सासमधल्या लागो व्हिस्टा गावात गेल अ‍ॅटवॉटर ही आई दोन लेकरांना घेऊन गाडी चालवत होती. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. कुणीच सीटबेल्ट लावला नव्हता. जास्तीत जास्त दंड पन्नास डॉलर. तरी पोलिसाने तिला बेड्या घालून ठाण्यात नेलं, तासभर कोठडीत ठेवलं. एका मैत्रिणीने येऊन मुलांना सांभाळलं, म्हणून ती तरी वाचली.

गेल न्यायालयात गेली. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. पोलिसाने उगाच अपमान केला हे न्यायालयाने मान्य केलं, पण अटक कायदेशीर ठरवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांची भीती साधी होती: अटक झाली की झडतीची वाट मोकळी. म्हणजे पावतीने घातलेलं कुंपण अटकेने ओलांडता येतं.

आपल्याकडेही पावती म्हणजे अटक नव्हे. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवायलाच हवा. पण बाईची अंगझडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची, असा कायदा आहे. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक करता येत नाही, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही हे कायम आहे.

तेव्हा ताई, घाबरू नका, हुज्जतही घालू नका. शांतपणे एवढंच विचारा, "साहेब, ही पावती आहे की अटक?"