चिप टाकली की जुनं परत येतं?

२०१२ च्या उन्हाळ्यात आमचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, प्लेस्टेशन ३ पिशवीत घालून हिंगोलीहून कळमनुरी-अर्धापूरमार्गे नांदेडला गेला. दुकानदार म्हणाला, "चिप टाकतो, ३.५५ वर आणून देतो." दादाने खिशातून पैसे काढलेच नाहीत.

आता हे ३.५५ काय प्रकरण? सोनीने एप्रिल २०१० मध्ये ३.२१ या अपडेटने प्लेस्टेशन ३ वरची लिनक्सची सोय काढून घेतली. विकत घेतलेल्या वस्तूतला एक कप्पा दुकानदाराने मागाहून येऊन कुलूप लावून बंद करावा, तसं. त्याच डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत हॅकरांनी दाखवलं की सही करताना सोनी दर वेळी तोच 'रँडम' आकडा वापरते. कुलूप उघडलं. सोनीने घाईघाईने ३.५६ आणलं, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांना मागे जायचं होतं. चिपवाल्यांचं गिऱ्हाईक इथे तयार झालं.

चिप खोटी नव्हती. मशीन उघडून मेमरीच्या चिपवर क्लिप बसवायची, आतला मजकूर उतरवून घ्यायचा, त्यात दुरुस्ती करून परत लिहायचा. पण तो मजकूर त्या एकाच मशीनच्या किल्ल्यांना बांधलेला. स्वतःची प्रत आधी काढली नाही, किंवा दुसऱ्याची लिहिली, तर मशीनची वीट होते. लिहिताना लाइट गेली तरी तेच, आणि आमच्याकडचं तेव्हाचं भारनियमन तुम्हाला सांगायला नको.

त्याहून मोठी गोम मॉडेलची. २०११ मध्ये आलेल्या ३००० मालिकेत सुरुवातीचा बूट-कोडच कारखान्यातून बदललेला होता. ज्या मशीनने ३.५५ कधी पाहिलंच नाही, ती त्यावर 'परत' कशी जाणार? एक्सबॉक्स ३६० मध्ये तर अपडेटसोबत आतले सूक्ष्म फ्यूज जळायचे. जळालेला फ्यूज कुणाची चिप जोडणार?

शंका घेणारे नेहमीच बरोबर ठरले असंही नाही. पीएसपीच्या वेळी ते तोंडघशी पडले. २००७ मध्ये कळलं की बॅटरीतला अनुक्रमांक बदलला की पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये उठते आणि जुनं फर्मवेअर निमूट घेते. चिप नाही, डाग नाही, नुसती बॅटरी! माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात देखणी युक्ती हीच. २००८ च्या पीएसपी-३००० वर मात्र ती चालली नाही.

म्हणजे प्रश्न 'चिप खरी की खोटी' हा नव्हताच. कोणत्या मशीनवर, आणि आधी प्रत काढणार का, हा होता.

दादाने तेवढंच विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांवर चालते." दादाने मशीन उलटी केली, मागच्या स्टिकरवरचा नंबर त्याला वाचून दाखवला. ३००० मालिका. दुकानदार चहा मागवायला उठला.

२०१७ मध्ये जुन्या मॉडेलांसाठी ते काम सॉफ्टवेअरनेच व्हायला लागलं. २०१९ मध्ये दादाच्या मॉडेलसाठीही रस्ता निघाला, आणि त्यात मागे जायची गरजच नव्हती. तोवर मशीन माळ्यावर होती. खाली काढली, धूळ झटकली, चालू झाली.