तोफा, नांगर आणि तात्यांचा ट्रक

गेल्या आठवड्यात सांगलीहून पुतण्याचा फोन आला. त्याने एक जुना ट्रक घेतला आहे. जमिनीवर बोजा चढवून घेतलाय, म्हणून आवाजात जरा धाकधूक. "काका, बॉडी नवी बांधायचीय. साधा लोखंडी पत्रा घालू, जस्ती घालू का ॲल्युमिनियमचा?" वर हळूच सांगितले, की २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हा ट्रक चार दिवस कृष्णेच्या पाण्यात उभा होता.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. मला धातूंतले काय कळणार? पण गंजाने एक घर खाल्लेले मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे फोन ठेवला तरी डोक्यातून विषय जाईना.

आमच्या तात्यांनी साठच्या दशकात ट्रक घेतला होता. टाटा-मर्सिडीज, नाकावर तीन टोकांचा तारा. टाटांनी जर्मनांशी १९५४ साली करार केला, त्यातून आलेल्या या गाड्या तेव्हा घाटांच्या राजा होत्या. तात्या कराडहून गूळ घेऊन कुंभार्ली घाटाने कोकणात उतरत आणि येताना मीठ भरून आणत. धंदा बरा चालला होता. पण मीठ पावसाळ्यात पाणी सोडते हे घरातल्या बरणीलाही ठाऊक! तेच पाणी फळ्यांच्या फटींतून चासीवर झिरपायचे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असले की तेच काम कितीतरी झपाट्याने होते. तात्या वरून दर दसऱ्याला झकास रंग देत, झेंडूची तोरणे बांधत. खाली वाकून मात्र कुणी पाहिले नाही. एके दिवशी घाटात पाट्याचा हँगर चासीपासून सुटला. तात्या वाचले, ट्रक भंगारात गेला आणि त्यापाठोपाठ विहिरीकडचे दोन एकर.

गंमत अशी, की त्याच घराच्या गोठ्यात आजोबांचा लोखंडी नांगर अजून धड आहे!

हा नांगर किर्लोस्करवाडीचा. आजच्या मुलांना सांगायला हवे, की लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून इकडे आले ते १९१० साली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला, आणि तिथे नांगराचा कारखाना उभा राहिला. किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्यात. पण जुन्या साताऱ्याचे दोन भाग १९४९ साली झाले, त्यातला 'दक्षिण सातारा' १९६० साली 'सांगली' झाला, त्यामुळे आम्ही म्हातारे दोन्हीकडचे! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी त्या वेळी शेतकऱ्यांना भीती वाटे. नांगर खपायला म्हणे दोन वर्षे गेली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. पुढे १९२२ साली साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनीही कारखाना काढून नांगर बनवायला सुरुवात केली.

तर आजोबांचा नांगर का टिकला? एक म्हणजे त्याचे ओतीव बीड. जाडजूड असल्याने वरचा थर गंजला तरी आत पुष्कळ उरते. दुसरे म्हणजे काम झाले की आजोबा माती खरवडून काढत, पुसत, करडईचे तेल फासत आणि आढ्याला टांगून ठेवत. मग ट्रकही बिडाचा करावा का? छे! बीड वाकत नाही, तुटते. पहिल्याच खड्ड्यात चासीचे दोन तुकडे होतील. तिथे लवचीक पोलादच हवे. धातू चांगला का वाईट असा नसतो, तो कुठे वापरायचा हे महत्त्वाचे.

या विद्येचा बराचसा भाग आपल्या स्वयंपाकघरात आणि देवळात आहे. पत्र्याच्या डब्यावर कथलाचा मुलामा असतो. त्याला ओरखडा पडला की आतले लोखंड उलट जास्तच लवकर गंजते. जस्ती बादलीचे तसे नाही. तिला ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. घरातल्या कर्त्या माणसासारखे! हे गुपित हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली इंग्रजी आरमाराच्या जहाजांवर वापरून पाहिले होते. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले खरे, पण ते झिजेना म्हणून त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू लागले. एक दुखणे बरे केले, दुसरे उभे राहिले.

लोखंडाला पहिला हात देतात तो रेड ऑक्साइडचा. म्हणजे आपला गेरूच, लोखंडाच्या गंजाचाच भाऊ. त्याआधीच्या काळी पुलांना आणि जहाजांना शेंदूर फासत, तोच मारुतीचा शेंदूर. तो शिशाचा असल्याने विषारी, म्हणून आता मागे पडला.

ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाचे, म्हणून मोहात पाडते. पण ते थेट पोलादावर ठोकले आणि मध्ये ओल राहिली, की दोघांच्या सांध्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. मध्ये रबराची पट्टी आणि रंगाचा थर हवाच.

शेवटी पुतण्याला म्हटले, "बाबा रे, पत्र्याचे नंतर बघ. आधी जुनी बॉडी उतरव. पुराचा गाळ चासीच्या पोटात, सांध्यांत बसला असेल. तो गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढ. पूर्ण वाळू दे. ताराच्या ब्रशने घास, कुठे पोकळ आवाज येतो का ते हातोडीने ठोकून बघ आणि त्याच दिवशी प्रायमर मार, दुसऱ्या दिवसावर टाकू नको. मग जस्ती पत्रा घाल. वेल्डिंग होईल तिथले जस्त जळते, तिथे जस्ताचा रंग पुन्हा दे. आणि तो धूर नाकात घेऊ नको, ताप येतो. पाणी निघून जायची भोके बुजवू नको."

"आणि हातोडीने ठोकताना चासीच पोकळ निघाली तर?"

"तर बॉडीवर एक रुपया घालू नको. नुकसान सोसून ट्रक वीक. जमीन वाचव."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही येता का ठोकायला?"

रविवारी सांगलीला जातो आहे. गुडघे कुरकुरतात, पण या वेळी खाली वाकून पाहणारा घरातला कुणीतरी हवाच.