जीपीएस ट्रॅकरमुळे बॅटरी उतरणे

जीपीएस ट्रॅकरमुळे बॅटरी उतरणे म्हणजे वाहन बंद असताना त्यातील स्थानदर्शक यंत्राने सतत वीज घेतल्याने इंजिन सुरू करण्यापुरतीही वीज बॅटरीत न उरणे. रोज चालणाऱ्या वाहनात ही तूट अल्टरनेटर भरून काढतो. त्यामुळे हा दोष मुख्यतः अनेक दिवस उभ्या राहणाऱ्या वाहनांत आढळतो.

पार्श्वभूमी

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाचे स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण बंधनकारक करण्यात आले. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळे येथे एकमेकांना छेदत असल्याने जळगाव व धुळे जिल्ह्यांत मालवाहतूक मोठी आहे. मालवाहू वाहनांत, तसेच खाजगी मोटारींतही चोरीपासून संरक्षणासाठी ट्रॅकर बसवले जातात.

कारणे

ट्रॅकरमध्ये उपग्रह संदेशग्राहक, मोबाईल मोडेम आणि छोटी अंतर्गत बॅटरी असते. गाडी थांबल्यावर यंत्राने निद्रावस्थेत जाणे अपेक्षित असते. इग्निशनची तार चुकून कायम वीज असलेल्या तारेला जोडल्यास यंत्राला गाडी सुरूच असल्याचे भासते व ते जागे राहते. मोबाईल जाळे क्षीण असल्यास मोडेम वारंवार शोध घेतो आणि वीजवापर वाढतो.

उदाहरणादाखल, ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून मोटारीची स्वतःची उपकरणे ३० मिलिअँपिअर आणि जागा ट्रॅकर ५० मिलिअँपिअर घेत असल्यास दररोज सुमारे १.९ अँपिअर-तास खर्च होतात. अशी बॅटरी सुमारे ९ दिवसांत निम्मी रिकामी होते. ट्रॅकर निद्रावस्थेत ५ मिलिअँपिअर घेत असल्यास हाच काळ सुमारे २१ दिवसांचा होतो. बॅटरी जुनी असल्यास दोन्ही कालावधी घटतात.

हवामानाचा परिणाम

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उष्णतेमुळे शिसे-आम्ल बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो आणि तिच्या पट्ट्यांची झीज होते. मे महिन्यात कुटुंब गावी गेल्यावर उन्हात उभी राहिलेली मोटार म्हणूनच अधिक लवकर निकामी ठरते.

तपासणी व उपाय

गाडी बंद करून अर्ध्या तासाने ऋण टोक व त्याची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजतात. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये. प्रवाह सुमारे ५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक असल्यास ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा मोजतात. प्रवाह लक्षणीय घटल्यास दोष ट्रॅकरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे, असे समजते. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट ही पूर्ण भरलेल्या, तर १२.२ व्होल्ट ही जवळपास निम्म्या बॅटरीची खूण होय.

इग्निशनची जोडणी दुरुस्त करणे, निद्रावस्था चालू करणे, कमी व्होल्टेजला वीज तोडणारे यंत्र निवडणे आणि आठवड्यातून एकदा गाडी चालवणे हे प्रमुख उपाय आहेत. सार्वजनिक प्रवासी वाहनात मात्र बंधनकारक यंत्राचा फ्यूज कायमचा काढणे हा उपाय नव्हे. मुख्य वीज तुटल्यावर अंतर्गत बॅटरी काही तासच पुरते आणि त्यानंतर प्रवाशांसाठी असलेले आपत्कालीन बटणही निरुपयोगी होते.